मोकळी जागा आणि ग्रेसीबाईंचा अंगठा

माझी आई करी रोडच्या आमच्या चाळीत येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याबद्दल अभिमानाने सांगायची, "आमचो झील कंपनीत मोकळी जागा सोडता."

समोरच्या काकू विचारायच्या, "म्हणजे बिल्डरकडे आहे का?"

"नाय गो. कॉम्प्युटरात सोडता."

यावर पुढे कोणी काही विचारत नसे. माझ्या सासऱ्यांनी एकदा नेट लावून विचारलं. मी त्यांना अर्धा तास समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "आणि त्याचा पगार देतात?"

आईचं तसं काही चुकलं नव्हतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ बारीकसारीक कामं केली. पण ज्या कामासाठी लोक मला ओळखतात (ओळखणारे सात-आठ लोक आहेत), ते काम म्हणजे हेच. प्रोग्राम लिहिताना एंटर दाबला, की पुढची ओळ डावीकडून किती जागा सोडून सुरू करायची, हे एडिटरने आपलं आपण ठरवायचं. ते त्याने कसं ठरवायचं, हे मी ठरवायचो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची वही. आणि प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना. समजा पहिली सूचना आहे, 'पाहुणे आले तर'. तिच्या खाली दोन सूचना, 'चहा टाक', 'खारी आण'. या दोन्ही पाहुणे आले तरच पाळायच्या, म्हणून त्या चार अक्षरं आत सरकवून लिहायच्या. त्यातही 'पाहुण्यांना साखर चालत नसेल तर' असं आलं, की त्याखालची ओळ आणखी चार अक्षरं आत. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं, की काय कशाच्या पोटात आहे. कॉम्प्युटरला याचं सोयरसुतक नसतं. सगळं डाव्या कडेला चिकटवून लिहिलं तरी तो मुकाट्याने चहा टाकतो. प्रोग्राम लिहायच्या काही भाषांमध्ये तो असं चालवून घेत नाही, पण त्या भानगडीत आपण इथे नको पडायला. सांगायचं एवढंच, की ही जागा माणसासाठी सोडायची असते. उद्या दुसऱ्या कोणाला तो प्रोग्राम वाचायचा असतो, आणि त्याने आपल्याला शिव्या देऊ नयेत अशी आपली इच्छा असते.

आमची कंपनी लहान. लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली मसाल्याचं कांडप. एप्रिल-मे आला की खाली मिरच्या कांडायला घ्यायचे आणि वर आम्ही बारा-चौदा माणसं रडत रडत प्रोग्राम लिहायचो. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला आधी रुमाल द्यायची पद्धत होती. आमची कामं दोन. एक म्हणजे गिऱ्हाइकांना प्रोग्राम लिहून देणं. दुसरं म्हणजे आमचा स्वतःचा एडिटर, जो आम्ही कॉलेजांना आणि आमच्यासारख्याच लहान कंपन्यांना विकायचो. परदेशी एडिटरांत ओळ आपोआप आत घ्यायची सोय केव्हापासून होती. आमच्यात नव्हती. चौदाएक वर्षांपूर्वी आमचे मालक दामलेसाहेब म्हणाले, "परब, हे आता आपल्याकडेही व्हायला हवं." आणि ते काम माझ्याकडे आलं.

तीन महिने मी दुसरं काही केलं नाही. जेवायला बसलो तरी ताटात भाजी कुठे, चटणी कुठे, कोण कोणाच्या आत, हेच दिसायचं. कंस उघडला की ओळ आत, कंस मिटला की ओळ बाहेर, मधे कोणी मोठं वाक्य तोडलं तर काय, कोणी तयार मजकूर चिकटवला तर काय. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. काम पुरं झालं त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना गोळा करून दाखवलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात हवा गेली होती. आपण काहीतरी थोर केलं आहे असं मला वाटत होतं.

त्या घोळक्यातून एकच प्रश्न आला. ग्रेसीबाईंचा.

"परब, हा बंद करायला बटन ठेवला ना?"

"कशाला बंद करायचंय ग्रेसीबाई? वर्षभराने बघा, तुमचा स्पेसबार नव्यासारखा दिसेल."

सगळे हसले. ग्रेसीबाईही हसल्या. दामलेसाहेबांना ते वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते जरा सजवून जाहिरातीच्या पत्रकात घातलं, 'ही सोय बंद करण्याची गरज कधीच भासणार नाही.' पुढे मला जे भोगावं लागलं, त्याला हेच वाक्य कारण आहे.

पहिली तक्रार दादरच्या एका प्राध्यापकांची. कॉलेजला एडिटर विकून महिना झाला असेल, तोच सर स्वतः आमच्या गाळ्यात हजर. घाम पुसत बसले आणि म्हणाले, "तुम्ही माझे दहा मार्क खाल्लेत."

मला कळेना. मी पाणी दिलं.

"प्रॅक्टिकलच्या परीक्षेत नीटनेटक्या मांडणीला दहा मार्क असतात. ओळी व्यवस्थित आत घेतल्या की नाहीत ते बघून मी देतो. वीस वर्षं देतोय. मुलं मला वचकून असायची या दहा मार्कांपायी. आता तुमच्या एडिटरमुळे सगळ्यांची मांडणी सारखी! सगळ्यांना दहापैकी दहा! ज्याला प्रोग्राम येत नाही त्यालाही दहा!"

"चांगलंच आहे की सर."

"चांगलं? माझ्या हातात मग राहिलं काय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मे महिना होता, तेव्हा मिरचीचा वाटा किती आणि दुःखाचा किती हे मी सांगू शकणार नाही. त्यांना काहीतरी असं हवं होतं की मुलांच्या हातून चूक व्हायची सोय राहील. मी म्हटलं, बघतो. ते गेल्यावर मी ही गोष्ट आठवडाभर सगळ्यांना नक्कल करून सांगितली. दुसऱ्याच्या हातातलं काही गेलं की आपल्याला गंमत वाटते. आज मला त्या नकलेची लाज वाटते.

आता ग्रेसीबाईंबद्दल सांगायला हवं. खोताच्या वाडीत जन्मल्या, तिथेच राहिल्या, लग्न केलं नाही. गिरगावातल्या एका टाइपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या. तिथले सर हातांवर टॉवेल टाकायचे आणि टॉवेलखाली कोणाचं बोट चुकलं तर फूटपट्टीने त्याच बोटावर मारायचे. आमच्या कंपनीत त्या टायपिस्ट म्हणून आल्या. वहीत लिहिलेले प्रोग्राम टाइप करता करता एक दिवस त्यांनी दामलेसाहेबांना सांगितलं, "सर, हा तिसरा लाइन गलत आहे." ती खरंच चूक होती. तेव्हापासून त्या प्रोग्रामर झाल्या. मी बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा दोन बोटांनी टाइप करायचो. ग्रेसीबाईंनी महिनाभर माझ्या हातांवर वर्तमानपत्र पसरून मला शिकवलं. माझ्या हाताला दहा बोटं आहेत हे मला त्यांच्यामुळे कळलं. फूटपट्टी मात्र त्यांनी कधी वापरली नाही.

टाइप करताना त्या पडद्याकडे बघत नसत. डावीकडे स्टँडवर कागद, नजर कागदावर, पाठ सरळ. आणि प्रत्येक एंटरनंतर अंगठ्याचे ठोके. टक टक टक टक. चार अक्षरं आत जायचं असेल तर चार ठोके, आठ असेल तर आठ. मोजत नसत. अंगठा आपला आपण मोजायचा. अख्ख्या गाळ्यात तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो आवाज आला नाही तर समजायचं, बाई जेवायला गेल्या.

माझी सोय सुरू झाली तशी दामलेसाहेबांनी फतवा काढला, की आपल्याच ऑफिसात सगळ्यांनी नवा एडिटर वापरायचा. ग्रेसीबाईंनी तो वापरायला घेतला. नजर कागदावर होतीच. एंटर दाबला की माझा एडिटर चार अक्षरं आत जायचा. वर त्यांचा अंगठा चार ठोके द्यायचा. झाली आठ. पुढच्या ओळीला एडिटर आधीच्या ओळीकडे बघून आठ जायचा, अंगठ्याचे वर चार. झाली बारा. मग सोळा. मग वीस. दोघेही आपापलं काम चोख करत होते, आणि प्रोग्राम जिन्यासारखा पायरी पायरीने उजवीकडे निघाला होता.

प्रोग्राम चालत होता हो! कॉम्प्युटरला काही फरक पडत नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. हे उघडकीला आणलं माहीमच्या एका बाईंनी. त्यांचं वधूवर सूचक मंडळ होतं. त्यांच्यासाठी स्थळं जुळवायचा प्रोग्राम ग्रेसीबाई लिहीत होत्या, आणि बाईंची अट अशी, की प्रोग्रामची छापील प्रत कपाटात ठेवायला हवी. "उद्या तुमचं ते यंत्र बंद पडलं तर माझ्याकडे कागद असावेत," असं त्यांचं म्हणणं. आम्ही न बघता छापून, शिवून, जाड पुठ्ठ्याचं कव्हर घालून पाठवलं.

बाई दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यासकट हजर झाल्या. पहिल्या पानावर मजकूर ठीक होता. दुसऱ्या पानावर तो मध्यावर गेला होता. तिसऱ्या पानावर उजव्या कडेला चिकटून दोन-दोन अक्षरं उभी होती. चौथ्यापासून शेवटपर्यंत कागद कोरे.

"आमची स्थळं गेली कुठे?" बाईंनी विचारलं.

दामलेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी ग्रेसीबाईंकडे बघितलं, आणि ग्रेसीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा टाइप करून झाल्यावर पडद्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला तो चेहरा अजून दिसतो.

"परब," त्या हळूच म्हणाल्या, "हा तुझा एडिटर माझ्या मागे का लागलाय रे?"

दामलेसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मला बाईंबद्दल आदर आहे. पण वय झालं की नव्या गोष्टी जमत नाहीत. त्यांना आपण फोनवर बसवू. निवृत्तीला दोन वर्षं तर उरलीत."

हे ग्रेसीबाईंच्या कानावर जायला वेळ लागला नाही. गाळ्याला भिंती कुठे होत्या, सगळी प्लायवुडची कामं.

"फोनवर बसवला तर मी घरी बसेन," त्या मला म्हणाल्या. "माझा हात चांगला आहे रे अजून. हात चांगला असताना मी हॅलो हॅलो करत बसू?"

त्या दिवशी गुरुवार होता. मी दामलेसाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, बंद करायचं बटण घालून देतो, एका दिवसाचं काम आहे. त्यांनी ड्रॉवरमधून जाहिरातीचं पत्रक काढलं आणि माझंच वाक्य माझ्यासमोर ठेवलं. "एका माणसासाठी बटण? मग गिऱ्हाइकांना काय सांगायचं? आपल्याच ऑफिसात चालत नाही म्हणून?" मग जरा नरमले. "असं करू. सोमवारी त्या बाई परत येणार आहेत. त्यांच्यासमोर ग्रेसीबाई तो प्रोग्राम पुन्हा टाइप करू देत. सरळ आला, तर विषय संपला. नाहीतर मंगळवारपासून फोन."

गुरुवारची उरलेली दुपार आम्ही अंगठ्याला आवरण्यात घालवली. आधी मी त्यांच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली. अंगठा पट्टीसकट ठोके देत राहिला. मग स्पेसबारखाली खोडरबराचा तुकडा बसवला. त्याने दोन शब्दांमधली जागाही पडेना. शेवटी म्हटलं, पडद्याकडे बघून टाइप करा. त्यांनी केलं. दर मिनिटाला ऐंशी शब्द टाइप करणारी बाई एक एक अक्षर शोधायला लागली.

"जिना उतरताना पायाकडे बघितला तर माणूस पडतो," त्या वैतागून म्हणाल्या. मग अंगठा वर धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. "हा माझा ऐकतच नाय रे. चाळीस वर्षं झाली. त्याला कसा सांगू?"

मला त्यांच्यासमोर बसवेना. बटण ठेव असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मी चार लोकांत हशा मिळवला होता.

शुक्रवारी मी दार लावून बसलो आणि अकरा ओळींचा एक नियम लिहिला. एडिटरने स्वतः जितकी जागा सोडली असेल, तितके स्पेसबारचे पहिले ठोके गिळून टाकायचे. म्हणजे एडिटर चार अक्षरं आत गेला आणि वर अंगठ्याने चार ठोके दिले, तर काही हलायचं नाही. आठला आठ. पाचवा किंवा नववा ठोका पडला तरच पुढे सरकायचं. शनिवारी अर्धा दिवस असायचा. ग्रेसीबाई घरी गेल्यावर मी तो नियम त्यांच्या मशीनवर चढवला, त्यांच्या खुर्चीत बसलो, एंटर दाबला, चार ठोके दिले. ओळ जागेवर उभी. मूळ काम पुरं झाल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता. नियमाच्या डोक्यावर शेरा लिहिला, 'ग्राहकाच्या विनंतीवरून. काढू नये.'

त्यांना सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर त्यांना असं वाटलं असतं, की माझ्या अंगठ्यासाठी याने मशीन वाकडं केलं. आणि सांगणं म्हणजे, तुमचा अंगठा थांबेल यावर माझा विश्वास नाही, असं तोंडावर म्हणणं. ते मला जमलं नसतं.

सोमवारी माहीमच्या बाई मांडीवर पर्स धरून ग्रेसीबाईंच्या शेजारी बसल्या. दामलेसाहेब मागे उभे. खाली मिरच्या जोरात होत्या. ग्रेसीबाई चर्चला घालतात तो फ्रॉक घालून आल्या होत्या, आणि अंगठ्याला पट्टी होती. मला वाटलं, गुरुवारी मी बांधलेलीच असेल. त्यांनी कागद स्टँडवर लावला, पाठ सरळ केली आणि सुरुवात केली.

मी कान टवकारून होतो. माझ्या अकरा ओळींची परीक्षा होती ना. एंटरचा आवाज आला. आता चार ठोके.

आले नाहीत. थेट पुढचं अक्षर.

पुन्हा एंटर. पुन्हा थेट अक्षर. मी पुढे झुकून बघितलं. प्रत्येक एंटरला त्यांचा अंगठा वर उचलला जात होता आणि क्षणभर हवेत थांबत होता. नजर कागदावरच. दामलेसाहेब शिंकले, माहीमच्या बाई चार वेळा शिंकल्या, ग्रेसीबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण एकाही ओळीला अंगठा खाली आला नाही. मजकूर छापून निघाला तेव्हा बाईंनी थेट शेवटचं पान उघडलं.

"आहेत बाई! शेवटपर्यंत आहेत सगळी!"

"उत्तम," दामलेसाहेब म्हणाले आणि रुमाल शोधायला गेले.

मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. आणि मग, लपवून काय उपयोग, थोडा रागही आला. माझ्या अकरा ओळी तशाच बसून राहिल्या होत्या, एका ठोक्याचंही काम त्यांना मिळालं नाही. मी विचारलं, "कसं जमलं हो ग्रेसीबाई?"

"जमला," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून चहा मागवला.

ग्रेसीबाई पुढची दोन वर्षं आपल्याच खुर्चीत बसल्या आणि मानाने निवृत्त झाल्या. नियम मात्र एडिटरमध्ये राहून गेला. काढला असता, पण काढायचा म्हणजे का घातला ते कोणालातरी सांगावं लागलं असतं. पुढच्या वेळी एडिटर विकला गेला तो त्या नियमासकट. दोन महिन्यांत दादरच्या त्या प्राध्यापकांचा फोन.

"अहो, तुमच्यात ओळीच्या सुरुवातीला स्पेसबार चालत नाही. आता तर मुलांनी ठरवून चूक करायची म्हटली तरी होत नाही!"

"ती सुधारणा आहे सर."

"कोणासाठी?"

मी म्हटलं, एका जुन्या ग्राहकासाठी. पुढे नव्याने आलेल्या लोकांनी दोन-तीनदा तो नियम काढायला घेतला. मी त्यांना शेरा दाखवायचो. 'काढू नये' म्हटलं की आपल्याकडे सहसा कोणी काढत नाही.

त्या सोमवारनंतर दर नाताळला ग्रेसीबाईंकडून आमच्याकडे कुलकुलांचा, म्हणजे त्यांच्या नाताळच्या गोड शंकरपाळ्यांचा, डबा यायला लागला, आणि डब्यावर टाइप केलेली इंग्रजी चिठ्ठी. एकाही शब्दानंतर जागा नसलेली. 'हॅपीख्रिसमसटूपरबअँडफॅमिली'. आईने पहिल्या वर्षी ती माझ्या बायकोकडून वाचून घेतली. बायकोने एका दमात वाचली. आई म्हणाली, "लिवताना बाई दमली नाय काय गो?" मला वाटलं, माझ्या धंद्याची थट्टा चालली आहे. जागा सोडणं तुझं काम, तूच सोड, असं काहीतरी. मी ती गंमत म्हणून ऑफिसात दाखवायचो. आई गेली, चाळ गेली, आम्ही टॉवरमध्ये राहायला गेलो. चिठ्ठ्या येत राहिल्या.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. आता प्रोग्राम लिहायलाही यंत्रं आली आहेत, त्यांना जागा सोडायला शिकवावं लागत नाही. निरोपाला ग्रेसीबाई गिरगावातून टॅक्सी करून आल्या. वय सत्तरीच्या पुढे, पाठ तशीच सरळ. केक यायला वेळ होता. त्या माझ्या खुर्चीत बसल्या. "तुझ्यासाठी दोन लाइन टाइप करते," म्हणाल्या आणि हात कीबोर्डवर ठेवले. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. एंटर दाबला आणि इतक्या वर्षांनी मला तो आवाज ऐकू आला. टक टक टक टक.

ओळ हलली नाही. आज डावीकडे कागद नव्हता, त्यामुळे त्या पडद्याकडेच बघत होत्या. त्यांनी पुन्हा एंटर दाबून चार ठोके दिले.

"परब, हा सरकत नाय."

"हो."

"कधीपासून?"

"त्या सोमवारपासून. म्हणजे त्याच्या आदल्या शनिवारपासून."

त्यांनी हात मांडीवर घेतले. अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्या शनिवारी घरी जाऊन मी डॅडींच्या टाइपरायटरचा स्पेसबार काढला. स्क्रूड्रायव्हर घालून. शनिवार दुपार आणि अख्खा रविवार बसले. एक शब्द, की नवा लाइन. अंगठा खाली गेला की आतल्या पत्र्याला लागायचा. रक्त आला. पण संध्याकाळपर्यंत समजला त्याला." त्यांनी अंगठा वर धरला. "मग परत बसवायला गेले तर दांडी तुटली. कुठे मिळतो आता तो पार्ट? तसाच आहे अजून टेबलावर. तुला नाताळची चिठ्ठी त्याच्यावरच टाइप करते ना."

चौदा वर्षं मी त्या चिठ्ठ्या लोकांना दाखवून हसलो होतो.

"सांगितला का नाय मला?"

इतक्या वर्षांत मी या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी बाजूला ठेवली. मी म्हटलं, "तुमचा अंगठा थांबेल असं मला वाटलं नव्हतं."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. बसायलाच हवी होती. ग्रेसीबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"मला पण नव्हता रे वाटला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एंटर दाबला आणि चार ठोके दिले. ओळ जागची हलली नाही. त्या हसल्या, पुन्हा एंटर दाबला, पुन्हा चार ठोके दिले. केक आला होता, लोक सुरी घेऊन थांबले होते. मी त्यांना हातानेच सांगितलं, जरा थांबा.